पोच

आठवड्याच्या बाजारात व्यवहार कसा चालतो, हे तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. भाजीवाली तागडीत वांगी घालते, गिऱ्हाईक ती निरखून पाहते, पिशवीत टाकते आणि पैसे तिच्या हातावर ठेवते. या हाताने द्यावे आणि त्या हाताने घ्यावे, असा हा रोखठोक प्रकार. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे असतात. त्यामुळे ‘पैसे दिले, पण वस्तू मिळाली नाही’ अशी तक्रार तेथे सहसा उद्भवत नाही.

परंतु विकणारा एका गावी आणि घेणारा दुसऱ्या गावी असला, म्हणजे हा सोपा व्यवहार अवघड होऊन बसतो. वस्तू आधी पाठवावी, तर पैसे बुडण्याची भीती विकणाऱ्याला; पैसे आधी द्यावेत, तर वस्तू न येण्याची भीती घेणाऱ्याला! ही अडचण काही आजची नव्हे. ती दूर करण्यासाठी आपल्या देशातील टपाल खात्याने १८७७ साली ‘व्ही. पी.’ची पद्धत सुरू केली. पोस्टमनने पुडके घरी आणावे, घेणाऱ्याने त्याचे मूल्य पोस्टमनच्या हाती द्यावे आणि टपाल खात्याने ते पैसे विकणाऱ्याकडे पोचते करावेत, अशी ती योजना होती. शहरातील दुकानांची पुस्तके या मार्गाने खेडोपाडी जाऊ लागली.

आज मोबाइलच्या पडद्यावर वस्तू पाहून घरबसल्या ती मागविता येते आणि पैसेही क्षणात पाठविता येतात. याला आपण ऑनलाइन खरेदी म्हणतो. साधने बदलली, पण अडचणीचे मूळ तेच राहिले आहे. ज्याला कधी पाहिले नाही, त्याच्यावर विश्वास ठेवून हा व्यवहार करावा लागतो. आणि ‘माझी वस्तू आली नाही’ असे ग्राहक ज्या घटकेला कळवितो, त्या घटकेला या विश्वासाची खरी कसोटी लागते. अशा वेळी विक्रेत्याने कसे वागावे, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

सावंतवाडीची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. तेथील कारागीर लाकडाची फळे इतकी हुबेहूब रंगवितात, की पाहणाऱ्याला ती खरीच वाटावीत. समजा, त्या गावातील एक बाई अशी फळे टोपलीत मांडून ऑनलाइन विकतात. कारागिरांकडून माल घ्यावयाचा, तो कागदात व पेंढ्यात नीट बांधावयाचा आणि स्पीड पोस्टाने परगावी पाठवावयाचा, असा त्यांचा उद्योग. महाविद्यालयात शिकणारा मुलगा त्यांना मोबाइलवरील पत्रव्यवहारात मदत करतो.

एकदा नागपूरच्या एका वृद्ध गृहस्थांनी नातीच्या वाढदिवसासाठी फळांची एक टोपली मागविली आणि रु. १,१५० आगाऊ पाठविले. बुधवारी पार्सल रवाना झाले. पुढच्या बुधवारी सकाळी त्या गृहस्थांचा निरोप आला : ‘आठ दिवस झाले. टोपली आली नाही. तुम्ही दिलेला पार्सलचा क्रमांक घालून पाहिला, तर असा क्रमांकच नाही, असे उत्तर मिळते. रविवारी माझ्या नातीचा वाढदिवस आहे. तुम्ही माझी फसवणूक केली आहे.’

मुलाने टपालाच्या पावतीवरील क्रमांक घालून चौकशी केली, तो पडद्यावर नोंद दिसली : ‘मंगळवारी वितरित.’ झाले! त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने तत्काळ उत्तर लिहिले : ‘आपले पार्सल मंगळवारीच पोचले आहे. आमची जबाबदारी संपली. खोटे आरोप कराल, तर आम्हालाही कायदा कळतो.’

तो हे पाठविणार, इतक्यात आई म्हणाली, “थांब जरा. नोंदीत काय लिहिले आहे, ते मला वाचून दाखव.”

“ ‘वितरित’ असे स्पष्ट लिहिले आहे, आई!”

“कोणाच्या हाती दिले, ते लिहिले आहे का?”

“ते नाही लिहिलेले.”

“मग ते त्या आजोबांच्याच हाती पडले, हे तू कशावरून म्हणतोस? आणि आपण दिलेला क्रमांक चालत नाही, असे ते म्हणतात. त्यांना पाठविलेला क्रमांक काढ आणि पावतीशी ताडून पाहा.”

मुलाने दोन्ही क्रमांक शेजारी शेजारी ठेवले. पावतीवर २७४१६०३५९ असे अंक होते. ग्राहकाला मात्र २४७१६०३५९ असा क्रमांक गेला होता. घाईघाईत लिहिताना ७ आणि ४ यांची अदलाबदल झाली होती! मुलाचा चेहरा उतरला.

आई शांतपणे म्हणाली, “आता त्यांच्या जागी तू आहेस, असे समज. पैसे दिलेले, वस्तू नाही आणि क्रमांकही खोटा. तू काय म्हणाला असतास?”

“फसवणूकच म्हटले असते,” मुलगा पुटपुटला.

अंकांची अदलाबदल झाल्याबरोबर यंत्राने ‘असा क्रमांक नाही’ असे कसे ओळखले, असे कुतूहल तुम्हांला वाटेल. स्पीड पोस्टच्या क्रमांकात प्रारंभी दोन अक्षरे, मध्ये नऊ अंक आणि शेवटी देशाची खूण दाखविणारी दोन अक्षरे असतात. नऊ अंकांपैकी पहिले आठ हे त्या पार्सलचे, आणि नववा पडताळ्याचा. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणावयाचे, गुणाकारांची बेरीज करावयाची आणि तिला ११ ने भागावयाचे. जी बाकी उरेल, ती ११ मधून वजा केली, की पडताळ्याचा अंक मिळतो. (वजाबाकी १० आल्यास ०, आणि ११ आल्यास ५ घेतात.) पावतीवरील २, ७, ४, १, ६, ०, ३, ५ या अंकांवर हा हिशेब केला, तर बेरीज १५६ येते, ११ ने भागल्यावर बाकी २ उरते, आणि ११ वजा २ म्हणजे ९. पावतीवरचा शेवटचा अंक ९ हाच आहे. चुकलेल्या क्रमांकात मात्र बेरीज १५० होते, बाकी ७ राहते आणि पडताळ्याचा अंक ४ यावयास हवा, असे दिसते. तेथे ९ लिहिलेला असल्याने क्रमांक चुकल्याचे उघड होते. माणसाच्या हातून होणाऱ्या अशा बहुतेक चुका या एका अंकाने पकडता येतात.

क्रमांकाचा उलगडा झाला. पण टोपली कोठे गेली, हा प्रश्न राहिलाच. बाईंनी ग्राहकाने दिलेला पत्ता पुन्हा एकदा सावकाश वाचला. त्यात रस्त्याचे नाव होते, गृहसंकुलाचे नाव होते, सदनिका क्रमांक १२ होता आणि पिनही बरोबर होता. परंतु संकुलात किती इमारती आहेत आणि बारा क्रमांकाची सदनिका कोणत्या इमारतीत आहे, याचा उल्लेख नव्हता. ही गोष्ट मनात ठेवून त्यांनी स्वतः उत्तर सांगितले आणि मुलाने ते लिहिले :

‘सप्रेम नमस्कार. आपला निरोप आजच मिळाला. नातीच्या वाढदिवसासाठी मागविलेली भेट वेळेवर हाती न आल्याने आपल्याला किती मनस्ताप झाला असेल, याची कल्पना आहे. आम्ही पाठविलेल्या क्रमांकात दोन अंक उलटसुलट पडले होते. ही चूक आमची आहे. तीबद्दल क्षमा असावी. योग्य क्रमांक आणि टपालाच्या पावतीचे छायाचित्र सोबत पाठवीत आहे.

टपालाच्या नोंदीप्रमाणे पार्सल मंगळवारी दिले गेले आहे. मात्र कोणाच्या हाती, ते कळत नाही. आपल्या पत्त्यात इमारतीचे नाव किंवा अक्षर दिसत नाही. आपल्या संकुलात एकाहून अधिक इमारती आहेत काय? असल्यास दुसऱ्या इमारतीतील बारा क्रमांकाच्या घरी, तसेच पहारेकऱ्याकडे कृपया विचारून पाहावे. आम्हीही आज येथील टपाल कार्यालयात लेखी तक्रार देत आहोत.

उद्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत पार्सलचा शोध लागला नाही, तर आपली पूर्ण रक्कम आम्ही त्याच दिवशी परत करू. दुसरी टोपली रविवारपूर्वी नागपूरला पोचेलच, असे वचन आम्हांला देता येणार नाही. पैसे वेळेवर हाती असले, तर आपल्याला नातीसाठी तेथेच दुसरी भेट घेता येईल.’

रु. १,१५० ही रक्कम बाईंच्या दृष्टीने लहान नव्हती. टोपलीची किंमत कारागिराला आधीच दिलेली होती. टपालखर्चही झालेला होता. पैसे परत करावे लागले असते, तर तो सारा भार त्यांच्यावरच पडला असता. तथापि, वाढदिवस होऊन गेल्यावर केलेली भरपाई त्या मुलीच्या काय उपयोगाची, हा विचार त्यांनी केला होता.

त्या दिवशी दुपारी बाई पावती घेऊन टपाल कार्यालयात गेल्या आणि त्यांनी तक्रार नोंदविली. गुरुवारी सकाळी नागपूरहून निरोप आला. संकुलात ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन इमारती होत्या. आजोबा ‘अ’ इमारतीत राहत. पार्सल ‘ब’ इमारतीतील बारा क्रमांकाच्या घरी गेले होते. त्या घरी एक वृद्ध आजी एकट्याच होत्या. मुलाने काहीतरी मागविले असेल, असे समजून त्यांनी ते ठेवून घेतले होते. निरोपाच्या शेवटी आजोबांनी लिहिले होते : ‘इमारतीचे अक्षर लिहावयास मी विसरलो आणि आपल्याला फसवे म्हणालो, याचा खेद वाटतो. टोपली सुखरूप आहे. रविवारपर्यंत ती नातीपासून लपवून ठेवणे, हेच आता अवघड काम आहे.’

आता या उदाहरणाचा थोडा विचार करू. क्रमांक लिहिताना विक्रेत्याच्या मुलाकडून चूक झाली. पत्ता देताना ग्राहकाकडून चूक झाली. नाव न पाहता पार्सल देण्या-घेण्यात ‘ब’ इमारतीच्या दारात चूक झाली. चुका तीन ठिकाणी झाल्या. पण खोटे मात्र कोणीच बोलले नव्हते. असे असूनही ग्राहक विक्रेत्याला फसवा म्हणून मोकळा झाला आणि मुलगा ग्राहकाला खोटारडा ठरवून! चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे प्रसंग रागाच्या भरात असेच घडतात. ‘वस्तू मिळाली नाही’ या तक्रारीमागे पार्सल वाटेत असणे, चुकीच्या दारी जाणे, शेजाऱ्याने ठेवून घेणे, गहाळ होणे, अशी अनेक कारणे संभवतात. कारण कळण्याआधीच दोष देणे, हे न्यायालाही धरून नाही आणि व्यवहारालाही.

बाईंच्या उत्तरात चार गोष्टी होत्या, त्या ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. त्यांनी उत्तरास विलंब लावला नाही. कारण वाट पाहणाऱ्याच्या मनात मौनामुळे संशय वाढतो. आपली चूक झाली होती, ती त्यांनी निःसंकोचपणे मान्य केली; जे ठाऊक नव्हते, ते ठाऊक असल्याचा आव मात्र आणला नाही. ग्राहकाला त्यांनी प्रश्न विचारला, पण त्यात आरोप नव्हता. आणि शेवटी, आपण काय करणार व कोणत्या दिवशी करणार, हे नेमकेपणाने सांगितले. ‘बघू’, ‘कळवू’, ‘लवकरच करू’ असल्या मोघम शब्दांनी तक्रार शमत नाही, उलट चिघळते.

हे उत्तर त्यांना देता आले, कारण पुरावा त्यांच्याजवळ होता. टपालाची पावती त्यांनी जपून ठेवली होती. पावतीवर वजन नोंदलेले असते. त्यावरून पार्सल रिकामे नव्हते, हेही दाखविता येते. बांधण्यापूर्वी वस्तूचे आणि बांधल्यावर पत्त्यासह पार्सलचे छायाचित्र घेऊन ठेवणे, ही चांगली सवय आहे. फार मौल्यवान वस्तू असेल, तर तिचा विमा उतरवावा. नोंद ठेवण्याचे कष्ट थोडे असतात. नोंद नसल्याचे दुःख मात्र मोठे असते.

पत्त्याचेही महत्त्व या प्रसंगातून दिसून येते. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांकाची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान होते. पिनच्या सहा अंकांपैकी पहिल्या अंकावरून देशाचा विभाग, दुसऱ्यावरून उपविभाग आणि तिसऱ्यावरून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा कळतो. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवितात. महाराष्ट्राचे पिन ४ या अंकाने सुरू होतात. सावंतवाडीचा पिन ४१६५१० आहे, तर नागपूर शहराचे पिन ४४० ने सुरू होतात. या सहा अंकांच्या आधारे पार्सल राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत बिनचूक जाते. परंतु तेथून घरापर्यंतची शेवटची काही पावले मात्र आपण लिहिलेल्या पत्त्यावरच अवलंबून असतात. शेकडो कोसांचा प्रवास सुरळीत व्हावा आणि एका अक्षराच्या अभावी शेवटच्या जिन्यावर वाट चुकावी, असे अनेकदा घडते!

शोध लागलाच नाही तर काय करावे? माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला, की तो सामान्यतः ग्राहकाला दिल्यासारखाच समजावा, असे १९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व आहे. ‘आमची जबाबदारी संपली’ असे म्हणणारे विक्रेते बहुधा याच तत्त्वाकडे बोट दाखवितात. परंतु ऑनलाइन व्यवहारात घरी बसलेल्या ग्राहकाला अधिक संरक्षण हवे, हे ओळखून ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ याखाली २०२० साली ई-वाणिज्याचे नियम करण्यात आले. त्यांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यावयाची असते आणि एका महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे असते. सांगितलेल्या मुदतीनंतर वस्तू आली, तर काही अपरिहार्य आपत्तीचा प्रसंग सोडून, ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. दाद न मिळाल्यास ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

वस्तू मिळूनही ‘मिळाली नाही’ म्हणणारे लबाड ग्राहकही कधी कधी भेटतात, हे नाकारता येणार नाही. त्यांच्याशीही विक्रेत्याने सौजन्य सोडू नये. पावत्या, छायाचित्रे आणि टपालाचे लेखी उत्तर यांच्या आधारे ठामपणे आपली बाजू मांडावी. पुरावा बोलू लागला, म्हणजे आवाज चढविण्याची गरज उरत नाही. ग्राहकांनीही एका गोष्टीबाबत सावध असावे. ‘पैसे परत करतो, तुमचा गुप्त पिन सांगा’ असे कोणी म्हणाले, तर तो ठक समजावा. मोबाइलवरून पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन द्यावा लागत नाही.

आपल्या भाषेत ‘पोच’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वस्तू मिळाल्याची कबुली म्हणजे पोच. आणि प्रसंग ओळखून वागण्याची समज म्हणजेही पोच. पार्सलची पोच टपाल कार्यालयात मिळते. पण दुसऱ्या प्रकारची पोच माणसाने अनुभवाने आणि विचाराने मिळवावी लागते. पैसा गेला, तर कष्ट करून पुन्हा मिळविता येतो. पत गेली, तर ती सहजासहजी परत येत नाही. म्हणून ज्याला व्यापार करावयाचा आहे, त्याने हिशेबाइतकीच ही दुसरी पोचही अंगी बाणविली पाहिजे.

स्वाध्याय

१. व्ही. पी.च्या पद्धतीने विकणारा आणि घेणारा यांची कोणती अडचण दूर झाली?

२. मुलाने लिहिलेले उत्तर आणि आईने सांगितलेले उत्तर यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

३. ‘चुका तीन ठिकाणी झाल्या, पण खोटे मात्र कोणीच बोलले नव्हते.’ हे विधान उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.

४. एका पार्सलच्या क्रमांकातील पहिले आठ अंक ५०२८१४७३ असे आहेत. त्याचा पडताळ्याचा अंक काढा.

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : तळपायाची आग मस्तकाला जाणे, आव आणणे, अंगी बाणविणे.

६. तुम्ही मागविलेले पुस्तक पंधरा दिवस झाले तरी आले नाही, अशी कल्पना करून विक्रेत्याला सौजन्यपूर्ण पत्र लिहा.

७. तुमच्या घराचा पूर्ण पत्ता पिन क्रमांकासह लिहा. अनोळखी पोस्टमनला तो पुरेसा आहे काय, हे वर्गमित्राकडून तपासून घ्या.